शेवगाव की चिचोंडी

मरणाला घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. मरण ज्याला घाबरून असायचं असा माणूस मात्र एकच पाहिला, आणि तो आमच्या पोस्टात तिकिटांवर शिक्के मारायचा.

गाव पारनेर तालुक्यातलं, पठारावरचं. काळ नव्वदीच्या सुरुवातीचा. मी तिथं पोस्टमन होतो आणि हे माझे साहेब. नाव होतं त्यांना, पण ते फक्त पगारपत्रकावर. सगळं गाव मास्तरच म्हणायचं. अंगानं इतके बारीक की पोस्टाच्या दाराची एकच फळी उघडली तरी आत जाऊन बसायचे, आणि लोक बाहेर उभे राहून म्हणायचे, मास्तर अजून आले नाहीत वाटतं. डोक्याला काळी टोपी. ती त्यांनी काढलेली मी सहा वर्षांत एकदाच पाहिली, आणि ते प्रकरण पुढं येणारच आहे.

मूळचे अकोले तालुक्याच्या डोंगरातले, भातावर वाढलेले. आमच्या बाजरीच्या मुलखात झालेली बदली ही त्यांना खात्यानं कुठल्याशा जन्मीच्या पापाबद्दल दिलेली शिक्षा वाटायची. भाकरी पुढ्यात आली की तिच्याकडे असं बघायचे, जसं तिकीट न लावलेल्या बैरंग पाकिटाकडे बघतात. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा बडोद्याला. त्याला दर पंधरा दिवसांनी एक कार्ड जायचं आणि त्यात एकच वाक्य असायचं, 'मी बरा आहे, तू बरा अस.' कार्ड टाकताना मी एकदा म्हटलं, "मास्तर, एकदा बोलवा की त्याला." ते म्हणाले, "काय कारण लिहू? कारणाशिवाय माणसाला बोलवायचा शब्द डिक्शनरीत नाही. मी पाहिलं आहे."

डिक्शनरी त्यांची खरी सोबतीण. मेणकापडाचं कव्हर घातलेली, आणि एवढी जाड की वरच्या कप्प्यातली रजिस्टरं ते तिच्यावर उभं राहून काढायचे. चप्पल काढून, हे सांगितलं पाहिजे. सगळं इंग्रजी त्यांना त्याच पुस्तकातून आलेलं, त्यामुळे इंग्रजी ते कधी कुणाशी बोलायचे नाहीत, फक्त लिहायचे आणि तोलायचे. एखाद्या शब्दाबद्दल शंका आली की दोन बोटांच्या चिमटीत धरून हवेत हलवायचे, किराणावाला तूरडाळ बघतो तसा.

आता तारेचं सांगतो. त्या वेळी गावात फोन एकच, तो पोस्टात. आमच्या गावचे निम्मे गडी मुंबईला, कुणी माथाडी, कुणी भाजीबाजारात. सगळ्यांची मिळून घाटकोपरला एक खोली. बावीस माणसं पाळीपाळीनं झोपायची, एकाची घोंगडी गार व्हायच्या आत दुसरा तिच्यात शिरायचा. गावाकडून काही निरोप द्यायचा तर त्या खोलीवर तार. आणि गावाला तार एकच माहीत होती: फादर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली. बाप नसला तर मदर.

हा सिरियस आमच्या गावानं इतका राबवला की त्याच्या अंगावर मांस राहिलं नव्हतं. बांधावरून भांडण झालं, फादर सिरियस. गाय व्याली, खरवस खायला पोरगं हवं, मदर सिरियस. चैत्रात यात्रेच्या आधी आठ दिवस आमच्या गावात चाळीसेक म्हातारे एकदम सिरियस व्हायचे, आणि छबिन्याच्या दिवशी तेच चाळीस म्हातारे पुढं होऊन लेझीम खेळायचे. तिकडं राळेगणला अडवलेलं पाणी बघायला कुठकुठून माणसं यायची. आमच्याकडे मरायला टेकलेले नाचणारे म्हातारे बघायला कुणी यायचं नाही, एवढंच दुःख. शेवटी मुंबईचा मुकादम रजा मागणाऱ्याला म्हणायला लागला, "तुमच्या गावात बाप मरतच नाहीत का रे? नुसते शिरेसच होत्यात."

मग व्हायचं तेच झालं. एक म्हातारा यात्रा नसताना खरोखरचा सिरियस झाला. तार गेली. पोरगं खोलीवर हसलं, तार उशाला घालून झोपलं, आणि बाराव्याला पोचलं. आल्यावर ते पोस्टाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडलं. मास्तर काचेआडून बघत होते. त्या दिवशी त्यांनी एकही शिक्का सरळ मारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "पोस्टमन, या गावातला सिरियस मेला आहे. आता दुसरा शब्द आणावा लागेल."

"कोणता?"

"क्रिटिकल."

मी विचारलं, दोघांत फरक काय. मास्तरांनी टोपी नीट केली. "पेशंट माणसं ओळखेनासा झाला, तर सिरियस. माणसं पेशंटला ओळखेनाशी झाली, तर क्रिटिकल." हा पहिला नियम. पुढं अनुभवानं आणखी वाढले. सिरियस माणूस चहा नको म्हणतो, क्रिटिकल माणसाला कुणी चहा विचारत नाही. सिरियसच्या उशाशी बायका बसतात, क्रिटिकलच्या उशाशी भाऊबंद. डिक्शनरीत यातलं काहीही नव्हतं. मी पुढं एकदा गुपचूप बघितलं. पण मास्तरांचं म्हणणं, डिक्शनरी लिहिणारा पारनेर तालुक्यात कधी आलाच नसणार.

मुंबईच्या खोलीवर त्यांनी स्वतः पत्र घातलं. मुकादमालाही वाचून दाखवा म्हणून लिहिलं. 'यापुढे सिरियस आलं तर ड्युटी संपवून सवडीनं निघा. क्रिटिकल आलं तर चप्पलसुद्धा शोधू नका. हा शब्द मी स्वतः पेशंट पाहिल्याशिवाय सोडणार नाही.'

आणि खरंच सोडला नाही. कुणी तार करायला आलं की मास्तर पोस्टाला कुलूप लावायचे, माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसायचे आणि म्हणायचे, चल. घरी जाऊन पेशंटची जीभ बघायची, मला पुढं उभं करून त्याला विचारायचं, हा कोण? पेशंट म्हणाला पोस्टमन, की उठायचे. "सिरियस. आणि तोही कौतुकानं."

तार पुढं जायची ती फोनवरून. लाईन अशी की नगरच्या तारघराला ऐकू जाण्यासाठी मास्तरांना इतकं ओरडावं लागायचं की मला वाटायचं, मध्ये फोन कशाला ठेवलाय. स्पेलिंग सांगताना गावांची नावं घ्यायचे. सिरियस असला तर सुरुवात, "एस फॉर शेवगाव." क्रिटिकल असला तर, "सी फॉर चिचोंडी, आर फॉर राहुरी, आय फॉर इंदापूर, टी फॉर टाकळी..." असं करत लोणीला जाऊन थांबायचे. समोर पिंपळाखाली एसटीची वाट बघणाऱ्या बायका कान देऊन असायच्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण मुलूख येत होता. चिचोंडी आली की त्या पदर डोक्यावर घ्यायच्या. महिन्याभरात सगळं गाव ती भाषा बोलायला लागलं. कुणी आजारी पडलं की घरापुढं पहिला प्रश्न, "शेवगाव का चिचोंडी?"

मास्तरांनी चार वर्षांत चार वेळा चिचोंडी दिली. चारही माणसं दोन दिवसांत गेली आणि चौघांची पोरं वेळेवर तोंडात पाणी घालायला पोचली. मुकादमानं विनातक्रार रजा दिल्या. मास्तर म्हणाले, "बघ, शब्दाला किंमत आली." गावानं मात्र त्याचा अर्थ वेगळाच काढला. गावाचं म्हणणं, मास्तर तो शब्द टाकतात म्हणून माणूस जातो. त्यामुळे आमची सायकल गल्लीत शिरली की आजारी माणसं उठून बसायला लागली. एक म्हातारा तर तीन आठवडे हातरुणात होता, त्यानं दारात मास्तरांची टोपी बघितली आणि मागच्या दारानं निघून थेट पिकाला पाणी धरलं. डॉक्टर तालुक्याहून आठवड्यातून दोनदा यायचा तो एकदाच यायला लागला.

या सगळ्या गावात मास्तरांना न घाबरणारं माणूस एकच होतं, हौसाबाई.

हौसाबाई साठी ओलांडलेली, एकटी, तीन शेळ्या आणि एक कोरडवाहू तुकडा. तिचा मुलगा पोपट मुंबईला. त्यानं तिकडं आपल्या मनानं लग्न केलं आणि बायकोला घेऊन गावी आला, तेव्हा हौसाबाई चुलीपुढून न उठता म्हणाली, "ही किती दिसासाठी आनली?" पोपटनं हातातला पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला आणि बायकोला घेऊन आल्या एसटीनं माघारी गेला. त्याला सात वर्षं झाली होती. तिनं तीन वेळा सिरियस पाठवून पाहिला; पोपटचं बिऱ्हाड वेगळं, पण तार त्या खोलीवरच जायची. उत्तराला एकदा कार्ड आलं, तेही खोलीतल्या दुसऱ्या कुणाच्या हातचं: 'पोपट म्हनतो आईला औशद घ्या म्हनाव.'

एके दिवशी ती डोक्यावरचा गवताचा भारा पोस्टाच्या पायरीशी टाकून आत आली.

"मास्तर, तेवढा तुमचा मोठा शबुद द्या."

"काय होतंय तुम्हाला?"

"काय न्हाई."

"मग?"

"पोपट येत न्हाई."

मास्तरांनी नियमाप्रमाणं मला पुढं उभं केलं. "हा कोण?"

"ह्यो? ह्यो चोंबडा. कार्डं आधी सोता वाचतो, मग देतो."

"शुद्धीत आहेत," मास्तर म्हणाले. "हौसाबाई, मणाचा भारा घेऊन चालणारं माणूस क्रिटिकल नसतं. फार तर सिरियस देतो."

"शिरेसला त्यो येत न्हाई. आन पैसं तर दोनीला सारखंच लागत्यात, मग मोठा घालायला तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही. गावाचं जातं. तुमच्यासाठी खोटा खर्च केला, तर उद्या खरंच कुणी जायला लागलं की मी काय पाठवू? पोरं पुन्हा तार उशाला घालून झोपतील."

हौसाबाईनं कपाळावरचं गवत झटकलं. मग म्हणाली, "मास्तर, मी किती मरू म्हंजे भागंल?"

मास्तरांनी डिक्शनरी उघडली, मिटली. हौसाबाई गेल्यावर मी पाहिलं, त्यांनी एकाच पाकिटावर चार शिक्के मारले होते.

त्यानंतर ती रोज भारा घेऊन पोस्टावरून जायची आणि काचेशी थांबून विचारायची, "मास्तर, आज दिसते का मेल्यावानी?" मास्तर मान न वर करता म्हणायचे, "नाही." "उंद्या बघा," म्हणायची आणि चालू लागायची. दोन वर्षं हे चाललं. उन्हाळ्यात, पावसात, यात्रेच्या दिवशीसुद्धा. मला वाटतं, मास्तरांना त्या प्रश्नाची सवय झाली होती. एक दिवस ती आली नाही तर पाच वाजता म्हणाले, "हौसाबाई गेली का बघून ये." मी बघून आलो. शेळी व्याली होती.

मग आजारी पडले मास्तरच.

ताप आला, तो त्यांनी आठवडाभर टोपीखाली दाबून ठेवला. आठव्या दिवशी पोस्टाची एक फळी उघडी आणि मास्तर आत नाहीत. मागं त्यांची खोली होती, तिथं खाटेवर पडलेले. डॉक्टरनं सलाईन लावलं आणि मला बाहेर घेऊन म्हणाला, पोराला कळवा. मी फॉर्म घेऊन खाटेशी बसलो.

"मास्तर, बडोद्याला काय घालू?"

"मी बरा आहे, तू बरा अस."

"अहो तार करतोय."

"मग काही घालू नकोस. मी तुला ओळखतो आहे. तू पोस्टमन. सिरियसमध्येसुद्धा बसत नाही." आणि डोळे मिटले.

साहेबांचा हुकूम. मी फॉर्म घडी करून खिशात घालतोय, तेवढ्यात दारात भारा पडल्याचा आवाज आला. काचेशी मास्तर दिसले नाहीत म्हणून हौसाबाई मागं आली होती. तिनं खाटेभोवती एक फेरी मारली. त्यांची जीभ बघितली. मग माझ्याकडं बोट करून विचारलं, "मास्तर, ह्यो कोन?"

"पोस्टमन," मास्तर डोळे न उघडता म्हणाले.

"बघितलंस?" मी म्हणालो. "ओळखतात. नियमात बसत नाहीत."

"त्यो तुला वळखतो रं. तू त्याला वळखतोस का ते बघ की."

मी बघितलं. टोपी खुंटीला होती. टोपीखाली टक्कल निघालं, ते मला माहीतच नव्हतं. आठ दिवसांची पांढरी दाढी, गाल आत गेलेले, आणि कॉलरमध्ये मान अशी की दुसऱ्या कुणाचा सदरा घातलाय. हा माणूस मला रस्त्यात भेटला असता तर मी विचारलं असतं, बाबा, कुणाकडं आलात?

"घाल चिचोंडी," हौसाबाई म्हणाली.

मी पोस्टात गेलो, फोन उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा चिचोंडी, राहुरी, इंदापूर, टाकळी असा मुलूख ओरडत लोणीपर्यंत गेलो. पिंपळाखाली बायकांनी पदर घेतले. एकीनं विचारलं, "कुनाची रं?" मी म्हणालो, "मास्तरांची." तिथं एसटी आली आणि गेली, एकही बाई चढली नाही.

तिसऱ्या दिवशी मुलगा आला, पायात स्लिपर, त्याही दोन रंगांच्या. तोवर सलाईननं आणि हौसाबाईनं पाजलेल्या पेजेनं ताप उतरला होता आणि मास्तर भिंतीला टेकून बसले होते. मुलाला बघून आधी त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांना सगळं लक्षात आलं आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. चार माणसं पोचवून कमावलेला शब्द मी बुडवला होता.

"कुणी सोडला?"

"मी. हौसाबाईनं तपासलं."

"कोणत्या नियमानं?"

"पहिल्या. उत्तरार्ध."

मास्तरांनी आरसा मागितला. चांगला वेळ बघत बसले. गालावरून हात फिरवला. मग आरसा पालथा ठेवला आणि म्हणाले, "तार बरोबर आहे."

मुलगा आठ दिवस राहिला. बापलेकांनी आठ दिवस दोन्ही वेळा भात खाल्ला. मला वाटलं होतं खूप बोलतील. काही नाही. शेजारी शेजारी बसून नुसता भात कालवायचे. पण त्या आठ दिवसांत मास्तरांनी डिक्शनरी एकदाही उघडली नाही, फक्त भाताच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवली.

मुलाला एसटीत बसवून ते थेट पोस्टात आले. नवा फॉर्म घेतला. माझ्याकडं न बघता लिहिला आणि फोन उचलला. पोपटचं नाव, घाटकोपरची खोली, मदर, आणि मग, "सी फॉर चिचोंडी." आजारपणानंतर आवाज बारीक झाला होता, पण पिंपळापर्यंत पोचला.

"मास्तर," मी म्हणालो, "हौसाबाई आत्ता ओढ्याला गवत कापतीय."

"मी तुला विचारलं?" ते म्हणाले आणि फोन ठेवला.

तासाभरात हौसाबाईच्या दारात गाव जमलं. भाऊबंदांनी बांबू आणले, एकानं मडकंही आणलं. आत कुणीच नाही म्हणून माणसं ओट्यावर विड्या ओढत बसली. दुपारी हौसाबाई भारा घेऊन आली, गर्दी बघून म्हणाली, "कोन गेलं?" माणसांनी विड्या विझवल्या. शेवटी मडकंवाला म्हणाला, "तूच, वहिनी." हौसाबाईनं भारा टाकला, शेळी पिळली, आणि आपल्या मयताला आलेल्या सगळ्या माणसांना चहा करून पाजला. मग चूल सारवत मला म्हणाली, "मास्तरला म्हनावं, त्यो येनार न्हाई. उगा शबुद गेला."

दुसऱ्या दिवशी तिनं पोस्टाशी थांबून मेल्यावानी दिसते का ते विचारलं नाही. भारा घेऊन आली आणि पिंपळाच्या अलीकडं, भर रस्त्यात, उगाच उभी राहिली. मास्तर काचेआड. मी त्यांच्यामागं. दुपारची एसटी आली.

पोपट उतरला. अनवाणी. मागं बायको, तिच्या कडेवर एक पोर आणि हाताला एक. पोपट उतरला तोच घराच्या दिशेनं पळत सुटला. वाटेत एक वाळलेली म्हातारी डोक्यावर भारा घेऊन उभी. नऊ वर्षांपूर्वी त्याची आई अंगानं दुप्पट होती आणि तिच्या डोक्यावरचे केस काळे होते.

"बाजूला व्हा, आजी," पोपट म्हणाला, आणि तिला वळसा घालून पळाला.

मास्तर काचेला नाक लावून उभे होते. काचेवर वाफ धरली. मग ते साहेबी आवाजात म्हणाले, "पोस्टमन, नोंद घे. शब्द बरोबर पडला होता."

हौसाबाई रस्त्यात तशीच. तिनं भारा एका हातानं सावरला, सुनेच्या कडेवरचं पोर दुसऱ्या हातानं आपल्याकडं ओढून घेतलं, आणि पळणाऱ्या पोपटच्या मागं चालू लागली.

"हळू चाल की रं," ती ओरडली. "तुजी आय कुटं पळून जात न्हाई."